डाव्या कुशीवर

उज्वलाबाई विधाते यांच्या हातची चादर ज्यानं एकदा पाहिली, त्याला मग दुसऱ्या कुणाची चादर पसंत पडत नसे. चारी कोपऱ्यांना पाकिटासारखी घडी, मध्ये सुरकुतीचं नाव नाही. नाशिक रोडपासून मनमाडपर्यंतच्या कुठल्याही दवाखान्यात नवी मुलगी कामाला लागली आणि तिनं पहिला पलंग आवरला, की वॉर्डातली जुनी सिस्टर मान डोलवायची आणि म्हणायची, "उज्वला मॅडमच्या हाताखालची दिसते." एकोणीस वर्षं एकाच नर्सिंग कॉलेजात शिकवून बाईंनी काय कमावलं, तर हे एक वाक्य. घर, नवरा, मुलगा हे काय, सगळ्यांनाच मिळतं, असं त्या म्हणायच्या. हे वाक्य मात्र त्यांच्या एकटीचं होतं.

बोटांतला नेटकेपणा त्यांना आईकडून आलेला. आई लंकाबाई मखमलाबादच्या मळ्यातली मेथी अशी बांधायची की जुडी सोडताना गिऱ्हाइकाला वाईट वाटावं. पोरीनं पुढे जुड्यांच्या जागी पट्ट्या बांधल्या, एवढाच फरक. लग्न होऊन त्या जेलरोडला आल्या. नवरा गोरक्ष नोटांच्या प्रेसमध्ये, शिफ्ट संपली की घरी येऊन झोपणारा सरळ माणूस. बाईंच्या पर्समध्ये घराच्या किल्लीशेजारी आणखी एक किल्ली असायची, पितळी, जुनी. ती कॉलेजच्या स्किल लॅबची. स्किल लॅब म्हणजे मुलींनी खऱ्या पेशंटला हात लावण्याआधी जिथं हात बसवायचा ती खोली. तिथं सहा पलंग होते आणि एक रबरी डमी होती, जिचं नाव कुठल्याशा बॅचनं आक्काबाई ठेवलं होतं आणि ते चिकटलं होतं. बाईंना विचारल्याशिवाय आक्काबाईला कुणी हलवत नसे.

आणि मग आली तृप्ती.

तशी ती आधी एकदा येऊन गेलेली होती. पंधरा वर्षांपूर्वी दिंडोरीकडून दोन वेण्या घालून आलेली, पहिल्याच दिवशी थर्मामीटर फोडलेली मुलगी. चादरीचा कोपरा तिला बाईंनीच हात धरून शिकवला होता. आता ती ट्यूटर होऊन परत आली, तेव्हा बाईंनी सगळ्यांना कौतुकानं सांगितलं, "माझी मुलगी आहे ही." पहिलं वर्ष हे कौतुक टिकलं. तृप्ती तेव्हा दुसऱ्या वर्षाला शिकवत होती, बाईंच्या वाटेत नव्हती. जी आपल्या वाटेत नसते तिचं कौतुक करायला कुणाचं काय जातं?

पावसाळ्याच्या तोंडाला हॉस्टेलचा स्लॅब गळायला लागला. मॅनेजमेंटनं दुरुस्ती काढली, मुलींना तीन महिन्यांसाठी घरी पाठवलं आणि वर्ग ऑनलाइन केले. पहिल्या वर्षाच्या चाळीस मुली. त्यांचा मूळ विषय, म्हणजे पेशंटची रोजची शुश्रूषा, उज्वलाबाई आणि तृप्ती यांच्यात वाटून दिला. निम्म्या प्रोसीजर हिच्या, निम्म्या तिच्या.

उज्वलाबाई लॅपटॉपसमोर अशा बसल्या की जणू फोटो काढायचाय. पडद्यावर चाळीस गोल, गोलांत एकेक अक्षर. एकीचाही चेहरा नाही. बाई तासभर बोलायच्या, शेवटी विचारायच्या, "समजलं का?" की खालून "यस मॅम, यस मॅम" अशी रांग लागायची. एकदा तर त्यांचा माइक बंदच राहिला. पंचवीस मिनिटं त्या पलंगावरच्या पेशंटला आंघोळ कशी घालायची ते हातवारे करून सांगत होत्या आणि एका मुलीनं सांगितलं नाही की मॅडम, आवाज येत नाही. शेवटी त्यांनी विचारलं, समजलं का. ते विचारलेलंही कुणाला ऐकू गेलं नव्हतं, तरी वेळ झाली म्हणून "यस मॅम"ची रांग लागली. मग माइकवरची लाल रेघ बाईंना दिसली. त्यांनी लॅपटॉप मिटला आणि स्वयंपाकघरात जाऊन घोटभर पाणी प्यायल्या. कुणी म्हणजे कुणी सांगितलं नाही, हे त्यांच्या मनात घर करून बसलं.

तृप्तीचं निराळंच. ती तासभर बोलायचीच नाही. सात-सात मिनिटांचे व्हिडिओ करायची, मध्येच व्हिडिओ थांबून प्रश्न यायचा, उत्तर दिल्याशिवाय पुढं सरकायचाच नाही. मुलींनी घरी सराव करून स्वतःचे व्हिडिओ पाठवायचे, ती एकेकीला बोलून उत्तर द्यायची. सोमवारी उत्तम सराव केलेल्या पाच मुलींची नावं झळकायची. मुली वेड्या झाल्या. ग्रुपवर तृप्ती मॅडमच्या नावानं नुसते बदाम. उज्वला मॅडमच्या संदेशाखाली जोडलेले हात, देवळात आल्यासारखे.

त्यात ते वर्गांचं ॲप. कोणती मुलगी काय किती वेळा बघते, कुठे सोडून देते, सगळं ते नोंदवायचं आणि महिनाअखेरीला टक्केवारी काढायचं. प्राचार्यबाईंनी ती हौसेनं स्टाफरूममध्ये लावली. तृप्ती ब्याण्णव. विधाते चौतीस. बाईंची खुर्ची नेमकी त्या कागदासमोर होती. डबा उघडला की चौतीस, चहा आला की चौतीस. रोज दुपारी बाईंचं डोकं दुखायला लागलं.

मत्सर हा शब्द उज्वलाबाईंना आवडत नसे. त्या त्याला काळजी म्हणायच्या. "मला मुलींची काळजी वाटते हो, नुसती करमणूक चाललीये." पण तो मत्सरच होता, चांगला बाळसं धरलेला. तृप्ती हसली की त्यांना वाटायचं, आपल्यालाच हसली. ती काही विचारायला आली की वाटायचं, दाखवायला आली. ती अजूनही त्यांना नुसतं "मॅडम" म्हणायची. बाकीच्या ट्यूटर एकमेकींना आडनावानं हाक मारायच्या, जाधव मॅडम, पगार मॅडम. तृप्तीच्या तोंडी मॅडम म्हणजे एकच, उज्वलाबाई. पूर्वी त्यांना हे गोड लागायचं, आता त्यातही सोंग दिसायला लागलं.

एका शनिवारी तृप्तीनं विचारलं, "मॅडम, उद्या एनिमाचा व्हिडिओ घ्यायचाय. लॅबची किल्ली मिळेल का? आक्काबाईवर दाखवते."

"रविवारी लॅब उघडत नाही," बाई म्हणाल्या. "नियम आहे."

असा नियम कुठं नव्हता. तृप्तीला ते ठाऊक असावं, पण ती "बरं मॅडम" म्हणाली. रविवारी तिनं घरीच वहिनीला पलंगावर झोपवलं, मागं पांढरा पडदा लावला, फोन स्टँडवर ठेवला आणि स्वतःच स्वतःला बघत सेल्फी कॅमेऱ्यावर व्हिडिओ उरकला.

त्याच आठवड्यात प्राचार्यबाईंनी उज्वलाबाईंना बोलावून गोड आवाजात सांगितलं, "लॅबचंही आता कॅमेऱ्यासमोरच करावं लागणार. चार्ज तृप्तीकडे द्यावा असं चाललंय मनात. प्रॅक्टिकल परीक्षा होऊ दे, मग बघू." बाई "हो मॅडम" म्हणाल्या. बाहेर आल्यावर त्यांनी पर्समध्ये हात घालून किल्ली चाचपली. एकोणीस वर्षांत तसं करायची पाळी आली नव्हती.

दुपारी स्टाफरूममध्ये त्यांनी तो व्हिडिओ लावला. तृप्ती समोरच डबा खात होती, म्हणून आवाज बंद ठेवून, फोन पुस्तकाच्या आड धरून. काय एवढं सोनं लागलंय ते बघू तरी, म्हणून.

पहिल्यांदा त्यांना दिसलं ते घड्याळ. तृप्तीच्या उजव्या हातात. त्यांनी हळूच वर पाहिलं. समोर भाकरी मोडणाऱ्या तृप्तीचं घड्याळ डाव्या हातात होतं. पुन्हा खाली पाहिलं. व्हिडिओतली तृप्ती नळी डाव्या हातानं धरत होती. ही डावखुरी कधीपासून झाली? आणि मग बाईंच्या ध्यानात आलं. फोननं चित्र आरशासारखं उलटं करून ठेवलं होतं. वहिनी झोपली असेल डाव्याच कुशीवर, पण व्हिडिओत ती झोपली होती उजव्या कुशीवर.

आता एनिमा देताना पेशंट डाव्या कुशीवरच हवा. मोठ्या आतड्याचं शेवटचं वळण डावीकडे असतं, त्या कुशीवर घेतलं म्हणजे पाणी आपसूक आत उतरतं, पेशंटला त्रास होत नाही. हे नर्सिंगच्या पहिल्या पानांवरचं आहे. परीक्षेत कुठली मुलगी इथं चुकली तर बाहेरून आलेल्या परीक्षक बाई त्या प्रोसीजरमधलं पुढचं बघतसुद्धा नाहीत.

तृप्तीच्या लक्षात आलं नव्हतं, कारण स्वतःचं तोंड माणूस आरशातच बघत आलेला असतो. मुलींच्या लक्षात आलं नव्हतं, कारण या बॅचला तृप्ती भेटली ती ऑनलाइनच. आणि सराव त्या करत होत्या घरातल्या लोडावर, नाही तर गुंडाळलेल्या गोधडीवर. लोडाला डावी कूस काय आणि उजवी काय. व्हिडिओतलं डोकं ज्या बाजूला, त्या बाजूला यांनी लोडाचं डोकं धरलं आणि हात बसवून घेतला.

एक वाक्य पुरलं असतं. टेबल फार तर तीन फुटांचं होतं. "तृप्ती, व्हिडिओ उलटा आलाय गं." बाईंनी तोंड उघडलंही. तेवढ्यात तृप्तीच्या फोनवर कुण्या मुलीचा संदेश आला आणि ती मन भरून हसली. बाईंनी तोंड मिटलं.

त्या दिवसापासून उज्वलाबाईंचं डोकं दुखायचं थांबलं. समोरचं चौतीस दिसेनासं झालं. कधी मन खट्टू झालं की त्या आवाज बंद करून तो व्हिडिओ लावायच्या आणि बघत बसायच्या. रिक्षात, बँकेच्या रांगेत, डॉक्टरकडे. चांगलं जेवण झाल्यावर बडीशेप चघळावी तशी त्यांनी ती चूक चघळली.

घरी एकदा राहवलं नाही म्हणून गोरक्षला सांगितलं.

तो म्हणाला, "मग सांग ना तिला."

"मी का सांगू? माझा माइक बंद होता तेव्हा मला कुणी सांगितलं होतं?"

"अगं, पण ते पोरींनी केलं. हिनं काय केलंय?"

बाईंनी त्याच्या ताटात आणखी भात वाढला. त्याला नको होता, तरी वाढला.

तीन महिने सरले, स्लॅब पक्का झाला आणि प्रॅक्टिकलच्या दोन दिवस आधी मुली परत आल्या. कुणी लासलगावहून, कुणी येवल्याहून, डबे नि गाद्या घेऊन. बाईंनी लॅब उघडली. लॅबचा चार्ज त्यांचा, म्हणून दोघींच्याही सगळ्या प्रोसीजर दोन दिवसांत त्यांनीच एकदा आक्काबाईवर करून घ्यायच्या होत्या. चादर झाली, आंघोळ झाली, ताप बघणं झालं. तशी देवळ्याची दीपमाला पुढे आली. कांद्याच्या शेडमध्ये बसून शिकलेली पोर, सोमवारच्या पाच नावांत जिचं नाव कधी चुकलं नाही. हात धुवून तयारच उभी होती.

"मॅडम, एनिमाचं एकदा बघता का आमचं? लोडावर लय वेळा केलं, पण डमीवर नाय केलं अजून."

लॅबमध्ये आक्काबाई उताणी पडली होती. तिला कुशीवर वळवायला अर्धं मिनिट लागलं असतं. दीपमालानं वळवली असती आणि सगळं तिथंच उघड झालं असतं. उज्वलाबाईंना हे कळत होतं. आपण आता जे करतोय ते काय आहे, हेही कळत होतं.

"ते तृप्ती मॅडमचं आहे ना?" त्या म्हणाल्या. "त्यांनी चांगलं घेतलंय असं ऐकते. झालं मग."

आणि त्यांनी आक्काबाईवर चादर ओढली.

परीक्षेला धुळ्याकडच्या एक पोक्त बाई परीक्षक म्हणून आल्या. चष्मा नाकावर, बोलणं कमी. प्रत्येकीनं तीन चिठ्ठ्या उचलायच्या आणि ज्या प्रोसीजर येतील त्या करायच्या. तृप्ती दारात उभी होती, उज्वलाबाई लॅबच्या चार्जमध्ये म्हणून आत. सकाळच्या सत्रात दोघींना एनिमा आला. दोघीही व्हिडिओ फारसा न बघणाऱ्या, पुस्तकातली आकृती घोकून आलेल्या. दोघींनी बरोबर केलं. बाईंना वाटलं, सगळं फुकट जातंय की काय. दुपारी एनिमाची चिठ्ठी आली दीपमालाच्या हाती.

पोरीचा हात बघत राहावा असा होता. सामान मांडलं, पाण्याची ऊब मनगटावर पाहिली, पडदा ओढला, आक्काबाईला आपण काय करणार ते समजावून सांगितलं. मग खणखणीत आवाजात म्हणाली, "पेशंटला डाव्या कुशीवर घेत आहे." आणि चाळीसएक वेळा लोडावर केलं होतं तसं सफाईनं आक्काबाईला उजव्या कुशीवर वळवलं.

परीक्षक बाईंनी पेन खाली ठेवलं. "ही डावी कूस आहे का?"

दीपमालानं आक्काबाईकडे पाहिलं. मग स्वतःच्या हातांकडे. तिला आता दिसत होतं, पण लोडावर बसलेला हात काही ऐकत नव्हता. 

"कुणी शिकवलं हे?"

तृप्तीचं नाव यायचं होतं ते आता.  या एका क्षणासाठी उज्वलाबाईंनी महिनाभर तोंड शिवलं होतं.

"उज्वला मॅडमची पद्धत हाय ही," दीपमाला म्हणाली.  "व्हिडिओत पहिलंच वाक्य हाय. ही माझ्या उज्वला मॅडमची पद्धत, त्यांनी मला हात धरून शिकवली, तशीच तुम्हाला शिकवते, म्हणून."

परीक्षक बाईंनी चष्म्यावरून लॅबमध्ये नजर फिरवली. "कोण उज्वला मॅडम?"

"मी," उज्वलाबाई म्हणाल्या.

परीक्षा चालू असताना बाहेर थांबलेल्या मुलींशी कुणी बोलायचं नव्हतं, त्यामुळे संध्याकाळपर्यंत आणखी दहा मुलींनी तेच केलं. जिनं व्हिडिओ जितका मन लावून पाहिला, ती तितक्या सफाईनं चुकली. सहा जणी बाकीच्या प्रोसीजरवर तरून गेल्या. दीपमाला धरून पाच जणींना पुन्हा बसावं लागणार होतं, सहा महिन्यांनी. परीक्षक बाईंनी जाताना शेऱ्याच्या वहीत उज्वलाबाईंचं नाव घालून दोन ओळी लिहिल्या. धुळ्याच्या बाईंच्या ओळखी नाशिकपासून जळगावपर्यंत, त्या दोन ओळी कुठंकुठं पोहोचणार होत्या ते बाईंना वेगळं सांगायला नको होतं.

तृप्तीनं काही झाकलं नाही. व्हिडिओ उघडला, स्वतःचं घड्याळ पाहिलं आणि तिला सगळं कळलं. तिनं प्राचार्यबाईंना लेखी दिलं की चूक माझी एकटीची, मॅडमचा यात काही संबंध नाही. प्राचार्यबाई उज्वलाबाईंना म्हणाल्या, "किल्ली तुमच्याकडेच राहू द्या." हवं होतं ते असं हातात पडलं. बाईंनी ते घेतलं आणि स्टाफरूममध्ये येऊन बसल्या.

तृप्ती मागोमाग आली. डोळे सुजलेले.

"मॅडम, तुमच्या नावाला माझ्यामुळे डाग लागला. मी धुळ्याच्या मॅडमना पत्र लिहिणारे."

"राहू दे."

"नाही, लिहिणारच. खरं सांगू का मॅडम, मला जरा शंका आली होती. टाकताना वाटलं, कुणाला तरी आधी दाखवावा. पण मग ॲपमध्ये कुणी किती वेळा पाहिला ती यादी येते ना, त्यात तुमचं नाव दिसलं." तिनं फोन पुढे केला. मुलींच्या नावांच्या खाली एक ओळ होती. उज्वला विधाते, अकरा वेळा. "मला इतकं बरं वाटलं. म्हटलं, मॅडमनी अकरा वेळा पाहिला आणि एक चूक काढली नाही, म्हणजे जमलं आपल्याला. मी घरी आईलासुद्धा सांगितलं. आता वाटतं, जे तुमच्याही नजरेतून सुटलं ते मला कुठून दिसणार होतं?"

ती विचारत नव्हती. ती बाईंची समजूत घालत होती. मान नुसती हलवली असती तरी भागलं असतं, तृप्ती ते आयुष्यभर खरं मानून चालली असती. उज्वलाबाईंनी त्या ओळीकडे पाहिलं. त्यांना आठवलं की अकरापैकी एकदाही त्यांनी आवाज चालू केला नव्हता.

"दिसलं होतं मला," त्या म्हणाल्या.

"काय दिसलं होतं, मॅडम?"

"घड्याळ. कूस. पहिल्याच दिवशी."

 तृप्तीनं फोन मागे घेतला, पर्समध्ये ठेवला आणि पर्सची चेन सावकाश ओढली. दाराशी गेल्यावर थांबली.

"त्या पाच जणींचा सराव उद्यापासून घ्यायचाय," ती म्हणाली. "लॅबची किल्ली लागेल, विधाते मॅडम."